टोपी नेणाऱ्या गुलामास

बिलितेंगा, ७ मार्च २०१०

टोपीचोर, कुत्र्याचं डोकं चघळणाऱ्या, माझ्या आजोबांच्या गुलामाच्या नातवा, नाझेर तोए,

मालकाला न सांगता गुलाम पळाला, असं आमच्या घराण्यात आजवर घडलं नव्हतं. तो मान तुझा.

सकाळी उठून बघतो तर तुझी कुदळ माझ्या भिंतीला टेकवलेली आणि तुझ्या झोपडीचं दार दोरीनं बांधलेलं. आदल्या संध्याकाळी माझ्याच अंगणात बसून माझ्याच बाजरीचा घाटा ओरपलास. माझ्या बायकोनं, तालाटोनं, वर दोनदा वाढला. आणि उठता उठता काय म्हणालास? "मालक, ही नवी टोपी फार शोभते तुला. मला दे." मी म्हटलं, "डोळे फुटले का? कालच बाजारातून आणलीय." तर तू दात काढून म्हणालास, "सामो मागतो, मोस्सी देतो." झालं! आपल्या दोन जमातींचं, मोस्सी-सामोंचं, थट्टेचं नातं मध्ये आणलंस की मागेल ते द्यावंच लागतं. नाही म्हटलं असतं तर सगळं गाव तोंडात शेण घालायला आलं असतं. दिली टोपी. मला काय स्वप्न पडलं होतं, की ती घालून तू दुसऱ्या दिवशी ओरोदाऱ्याची बस पकडणार आहेस?

फोनच करणार होतो. पण तुला नीट शिव्या द्यायच्या म्हटलं की तिसऱ्या शिवीलाच पैसे संपतात. कागदाचं तसं नाही. बसचा ड्रायव्हर अर्झुमा म्हणाला, पत्र फुकट नेतो, आधी मला वाचून दाखव. दाखवलं. हसून हसून स्टिअरिंगवर पडला मेला.

इथलं ऐक. तुझ्यामागून आणखी सात कुदळी गेल्या. कुणी ऊस तोडायला, कुणी सोन्याच्या खाणीवर, कुणी तुझ्यासारखे आंब्याला. सगळ्यांचं एकच तुणतुणं, ऊन झेपत नाही. मार्चच आहे अजून, आणि शेळ्या भिंतीच्या सावलीबरोबर दिवसभर सरकतायत. आमची काळी कोंबडी अंड्यांवर बसायलाच तयार नाही. तालाटो म्हणते, तिलाही ओरोदाऱ्याला पाठवा.

माळावर पाच हजार खड्डे खणायचेत, पाऊस यायच्या आत. बावीस वर्षं दोघांनी खणले. खड्डा खणायचा, मूठभर शेणखत टाकायचं, पुढे सरकायचं. खड्डे नसले की त्या दगडासारख्या माळावरून पाणी नुसतं वाहून जातं आणि बाजरीचा दाणा हाती लागत नाही, हे तुलाच शिकवायचं राहिलं होतं. पण काळजी करू नकोस. यंदा मी एकटा खणीन. सामोची कुदळ गेल्यानं काही अडत नाही. उलट माळावर जरा शांतता आहे.

तुझा मालक,
नोबिला बेलेम

ता. क. टोपी धुवू नकोस. आटेल.


ओरोदारा, २१ मार्च

माझ्या नशिबी आलेल्या बिनकामाच्या गुलामा, नोबिला,

तुझं पत्र मिळालं. अक्षर बघून वाटलं, काळी कोंबडी अंड्यांवर बसत नाही ती शाईत पाय बुडवून कागदावर नाचते म्हणून. आणि आधी हे पक्कं कर की मालक कोण. तुमच्या गावात तुम्ही मोस्सी मालक आणि आम्ही सामो गुलाम. आमच्या गावात विचार, सगळे उलट सांगतील. आणि आमच्या गावची माणसं खोटं बोलत नाहीत.

न सांगता का गेलो? गाढवा, सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "मोस्सी मागतो, सामोनं इथंच राहावं." मग मला जाता आलं असतं का? म्हणून आधी मीच मागून घेतलं. टोपी तर टोपी. आणि पहाटे सुटलो.

तुला आठवतंय ना गेल्या एप्रिलचं? सूर्य दोन हात वर आला की कुदळीचा दांडा हातात धरवत नव्हता. पूर्वी आपण न्याहारीपर्यंत दीडशे खड्डे काढायचो, जेवणानंतर परत जायचो. गेल्या वर्षी साठावर जीभ बाहेर. स्वतःचा माळ आहे त्याचं ठीक आहे, कसंतरी रडतखडत भागतं. पण लोकांच्या माळावर खड्ड्यागणिक मजुरीनं जाणाऱ्यानं काय करावं? ऊन त्याचा अर्धा दिवस खातं आणि तो संध्याकाळी अर्धपोटी घरी येतो. पोरं पळाली त्यात नवल काय. मी अठ्ठेचाळीसचा झालो. म्हटलं एक हंगाम सावलीत काढून बघू.

आणि सावली म्हणजे काय सावली, नोबिला! आंबे इतके खाली लोंबतात की टोपी रोज फांदीत अडकते. (तुझी टोपी. चांगली आहे.) पिकलेल्या अमेली आंब्याचा वास गावात शिरल्यापासून नाकात बसतो तो जेवतानाही जात नाही. आणि मी काही बांबू घेऊन झाडाखाली धावत नाही हं. ते पोरांचं काम. मुकादमानं मला बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही वडीलधारे, तुम्ही आत, छपराखाली." दिवसभर डोक्यावर उन्हाचा एक कवडसा नाही. बसायला स्टूलही आहे.

माझी कुदळ उन्हात ठेवू नकोस, दांडा फुटेल. आणि एकट्यानं मर्दुमकी गाजवू नकोस. मोस्सीला खणायला येतं कुठे, तू नुसता शेणखत टाकायचास.

तुझा खरा मालक,
नाझेर


बिलितेंगा, ४ एप्रिल

स्टुलावर बसलेल्या सरदारा,

आंब्यांचं वाचून तालाटोच्या तोंडाला पाणी सुटलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. खा, खा. तुम्ही सामो, कुत्र्याचं डोकं मिळेना म्हणून आंब्यावर आलात.

एकविसशे खड्डे झाले. एकट्यानं. मोजून घे येऊन. आणि मी दुपारीही खणतो. अख्खं गाव मांडवाखाली जीभ काढून पडलेलं असतं तेव्हा माळावर एकच कुदळ वाजत असते. गावचे नाईक म्हणाले, "नोबिला, जरा बस रे." मी म्हटलं, बसायला माझा गुलाम गेलाय ओरोदाऱ्याला, आमच्या दोघांच्या वाटणीचं तो बसतोय.

तुझ्या कृपेनं डोक्याला टोपी नाही. तालाटोचं जुनं फडकं बांधतो, लाल फुलांचं. पहिल्या दिवशी विहिरीवरच्या बायका विचारत होत्या, बेलेमांकडे ही नवी सून कुठली? दुसऱ्या दिवशी फडकं घरीच ठेवलं. आता उघड्या डोक्यानंच जातो. डोकं माझं आहे, टोपी नसली म्हणून गळून पडत नाही.

परवा मात्र एक गंमत झाली. दुपारी खणता खणता बघतो तर शेजारच्या ओळीत आणखी एक नोबिला खणत होता. अगदी माझ्यासारखा, फक्त जरा आळशी. मी म्हटलं, बरं झालं बाबा, कुणीतरी मदतीला आलं. त्याला पाणी विचारणार, तोवर तो गेला. घरी सांगितलं तर तालाटो हसलीच नाही. बायकांना विनोद कळत नाहीत.

शेजारच्या मदर्सा बाईंच्या अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय उन्हानं वाकलेत. आता ती खुर्ची नमाजाला वाकल्यासारखी दिसते आणि मदर्सा बाई तिच्यावर कुणाला बसू देत नाहीत. एवढं ऊन आहे. पण मला काही नाही.

नोबिला


ओरोदारा, १४ एप्रिल

दुहेरी गुलामा,

एक नोबिला या जगाला जड झाला होता, त्यात देवानं दुसरा पाठवला? दोघांनाही सांग, मालकाचा हुकूम आहे, एकेकानं तरी घरी बसा. अर्झुमाला वाचून दाखवलं, तर म्हणतो, दोघांना मिळून एक डोकं आलं तरी पुष्कळ.

सोबत वाळवलेल्या आंब्याची पिशवी पाठवतोय. अर्धी तालाटो वहिनींना. उरलेल्या अर्ध्यातली अर्धी पहिल्या नोबिलाला, अर्धी दुसऱ्याला. भांडू नका.

इथं कामाला ऊत आलाय. दुपारी जरा गरम होतं कधी कधी. पत्र्याचं छप्पर आहे ना, म्हणून. बाकी काही नाही. बायका दोन रांगांत बसून आंबे कापतात आणि जिवाभावाच्या गप्पा मारतात. त्यांना वाटतं मला त्यांची भाषा येत नाही. मला आता अर्ध्या गावाची भानगड ठाऊक आहे.

कागदावर डाग दिसले तर आंब्याचे समज.

तू किती खणलेस याच्या थापा मारतोस ते कळतं मला. एकविसशे! मोस्सी मोजतानाही शेणखत टाकतो.

नाझेर

ता. क. दुपारी खणतोस हीही थापच ना?


बिलितेंगा, २५ एप्रिल

प्रिय मित्र नाझेर तोए यांस,

आपलं पत्र आणि आंबे मिळाले. आंबे फार गोड होते. आठवणीनं पाठवलेत, आभार.

आपण आपल्या तब्येतीला जपावं. आपली कुदळ घरात आडोशाला ठेवली आहे. माझीही तिच्याशेजारीच ठेवली आहे. माझी जरा जास्त चांगली आहे, तर तीही आपणच वापरावी.

इतक्या वर्षांत माझ्याकडून काही कमीजास्त बोललं गेलं असेल तर मनावर घेऊ नये.

आपला,
नोबिला बेलेम


ओरोदारा, ३० एप्रिल

तालाटो वहिनी,

हे पत्र तुम्हालाच लिहितोय. नोबिलासमोर वाचू नका. अर्झुमाला सांगितलंय, विहिरीवर गाठून तुमच्याच हातात दे.

तुमच्या नवऱ्याचं पत्र आलं. त्यात एकही शिवी नाही. मी उलटसुलट करून बघितलं, मागची बाजू बघितली, दिव्यापुढे धरून बघितलं. गुलाम नाही, चोर नाही, कुत्र्याचं डोकं नाही. मला "प्रिय मित्र" म्हणतो! वर माफी मागतो! बावीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एकदाही नीट बोलला नाही. माझी मादलेन गेली त्या दिवशीसुद्धा नाही. मोस्सी सामोशी गोड बोलायला लागला की समजावं, काहीतरी फार वाईट झालंय.

आणि मला कुदळ कशाला देतोय? मी हातात पत्र घेऊन दोन वेळा बस स्टँडवर जाऊन आलो. मुकादम म्हणाला, हंगाम अर्ध्यात सोडलास तर परत पाय ठेवू नकोस. म्हणून आधी तुम्हाला विचारतो.

काय झालंय? त्याच्या गळ्याची शपथ घालतो तुम्हाला, खरं काय ते लिहा. मला भीती वाटतेय.

नाझेर


बिलितेंगा, ६ मे

नाझेर भावजी,

त्यांनी मला तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं होतं. पण आता तुमच्याशिवाय कुणाला सांगू? प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकले त्याचा आज पहिल्यांदा उपयोग होतोय. चुका होतील, त्या पोटात घाला.

बावीस तारखेला ते माळावर पडले. भर दुपारी. कुदळीचा आवाज थांबला, म्हणून मीच पळत गेले. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. माझ्याकडे बघत होते आणि मला "नाझेर, नाझेर" म्हणत होते. म्हणत होते, "नाझेर, टोपी दे रे जरा, डोकं भाजतंय." शेजारच्यांनी खाटेवर घालून दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी बाटली लावली, ओली फडकी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले. नर्सबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यापुढे दुपारचं ऊन नको. आणखी एकदा पडले तर उठतील असं मी सांगू शकत नाही."

खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी तुम्हाला ते पत्र लिहिलं. त्यांना वाटत होतं, आपण काही यातून उठत नाही.

पण उठले, भावजी. आणि उठल्या उठल्या काय केलं असेल? पाचव्या दिवशी कुदळ घेऊन परत माळावर! मी हात जोडले, रडले, कुदळ लपवली. तर तुमची घेऊन गेले. नाईक येऊन बोलले. नर्सबाई सायकलवरून येऊन ओरडल्या. सगळ्यांना एकच उत्तर, "पाऊस माझ्यासाठी थांबणार आहे का? खड्डे राहिले तर वर्षभर तुम्ही खाणार काय?"

ते कुणाचंच ऐकत नाहीत. पण एक माणूस आहे ज्यानं मागितलं तर त्यांना नाही म्हणताच येत नाही. नवी टोपी डोक्यावरून काढून दिली होती त्यांनी, मी बघितलंय. तुम्ही मागा भावजी. जे मागायचं ते मागा.

आणि आता तुमचंही ऐका. अर्झुमानं मला विहिरीवर सगळं सांगितलंय. छपराखालचं काम म्हणजे आंबे वाळवायच्या भट्ट्या. सोळा भट्ट्यांची दारं उघडायची, जाळ्या ओढायच्या, परत लावायच्या. म्हणाला, "नाझेरच्या भुवया जळून गेल्यात, उकडलेल्या अंड्यासारखा दिसतो." ऊन चुकवायला गेलात आणि भट्टीत जाऊन उभे राहिलात? स्टूल म्हणे! दोघांनी मिळून मला काय वेडी समजलात?

त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन तेव्हा सांगेन.

तालाटो


ओरोदारा, ९ मे

अरे मूर्खा, गाढवा, तुटक्या कुदळीच्या दांड्या, माझ्या सात पिढ्यांच्या गुलामा, नोबिला बेलेम!

बरं वाटलं? मला वाटलं. दहा दिवस शिव्या न देता काढले मी, पोट दुखायला लागलं होतं.

वहिनींनी सगळं सांगितलं. त्यांच्यावर ओरडलास तर बघ. बाई आहेत म्हणून टिकल्या, मी असतो तर तुला त्या माळावरच ठेवलं असतं आणि वर खड्डा मोजून घेतला असता.

आठवतंय का तुला, मादलेनला माती द्यायची होती तेव्हा तू काय केलंस ते? सगळे रडतायत, मी उभाही राहू शकत नव्हतो, आणि तू झगा सावरून खड्ड्यात उतरलास आणि मांडी घालून बसलास. "या सामोच्या बायकोनं मला आयुष्यभर मीठ कमी घालून वाढलं. बकरा दिल्याशिवाय मी उठणार नाही!" पाद्री बघतच राहिले. आणि मी हसलो, नोबिला. बायकोच्या मातीच्या दिवशी मी हसलो. तू नसतास तर मी त्या दिवसातून बाहेर आलो नसतो, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज लिहितोय. परत लिहिणार नाही.

म्हणून आता ऐक. तू मेलास तर मी तुझ्या खड्ड्यात उतरेन, थट्टेच्या नात्याचा रिवाज आहे. आणि मी बकऱ्यावर उठणार नाही. बैलावरही नाही. मी तिथेच बसून राहीन आणि तुला वरच ठेवावं लागेल, असा वास मारत. बघ तालाटो वहिनींना काय काय सोसावं लागेल ते.

टोपीचं वाचलं आणि ती डोक्यावरून काढून ठेवली. छपराखाली कशाला लागते मला टोपी? तुझं डोकं उघडं करून मी इथं सावलीत मिरवत होतो. थट्टा म्हणून मागितली रे. तू थट्टा म्हणून दिलीस. आणि दोघांनाही कळलं नाही. तेव्हापासून झोप नाही मला.

आता मागतो. सामो मागतो, मोस्सीनं द्यायचं:

सूर्य दोन हात वर आला की कुदळ खाली. मग तो पश्चिमेला झाडांच्या शेंड्याला टेकेपर्यंत तू मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नाहीस. लघवीला जायचं तर डोक्यावर लाल फुलांचं फडकं बांधून जायचं, विहिरीवरच्या बायकांसमोरून. पाण्याचं मडकं शेजारी असेल आणि ते वहिनी भरतील तितक्या वेळा रिकामं झालं पाहिजे. खड्डे राहिले तर राहिले.

नाईकांनाही पत्र टाकलंय, सगळ्या गावासमोर वाचून दाखवा म्हणून. आता म्हण "नाही". म्हणून दाखव.

तुझा मालक (आता तरी कबूल कर),
नाझेर


बिलितेंगा, १७ मे

कसाया,

नाईकांनी तुझं पत्र शुक्रवारी बाजारात वाचलं. दोनदा! लोकांनी परत वाचायला लावलं म्हणून. अख्खा बाजार आडवा. मदर्सा बाईंनी हसता हसता डोळ्याला फडकं लावलं. मला "नाही" म्हणायला कुणी जागाच ठेवली नाही.

तर बसतोय. मांडवात. तालाटो दाराशी सुरी घेऊन भेंड्या चिरते आणि माझ्यावर नजर ठेवते. दिवसाला तीन मडकी पाणी पितो आणि फडकं बांधून बाहेर जातो. काल एका म्हातारीनं मला हाक मारली, "सूनबाई, जरा घागर उचलून द्या." दिली उचलून. काय करणार.

पहाटे खणतो, तीस-चाळीस होतात. खरं सांगतो, पहाटेची माती जरा माणसासारखी वागते. आणि परवा मांडवात बसल्या बसल्या मला एकदम कळलं की डोक्यात जो एक घण वाजत होता तो थांबलाय. महिनाभर वाजत होता. मला वाटत होतं सगळ्यांच्याच डोक्यात वाजतो.

भीती मलाही वाटली, नाझेर. त्या खाटेवर. मरायची नव्हे. मनात आलं, माझं शेवटचं पत्र थापांचं गेलं, आता नीट एक लिहावं. तर शिवीच सुचेना. तेव्हा जाणलं, आपलं काही खरं नाही.

असो. आता तुझी पाळी.

तालाटोनं काल सांगितलं. भट्टी! सोळा भट्ट्या! आणि मला लिहितोस, "पत्र्याचं छप्पर आहे ना, म्हणून!" डाग आंब्याचे काय? मी ते पत्र काढून चाटून बघितलं. खारट आहे, लबाडा. मला ऊन झेपत नाही म्हणून हुकूम सोडतोस आणि स्वतः तिथं वाळून आंब्याबरोबर पिशवीत भरला जाणार आहेस? तो आंबा मी खाल्ला, आता घशात अडकतोय.

तुला वाटलं मागता फक्त तुलाच येतं? आता ऐक, आणि हेही नाईकांसमोर लिहितोय, खाली त्यांचा अंगठा आहे बघ:

मोस्सी मागतो, सामोनं द्यायचं. मला माझा गुलाम परत पाहिजे. अंगावर जेवढे केस उरलेत तेवढ्यांसकट. मुकादम काय म्हणेल ते म्हणू दे. पहिल्या बसनं निघायचं.

बाराशे खड्डे राहिलेत. पाऊस तीन आठवड्यांवर आहे. एकट्याच्या पहाटेत ते होत नाहीत. दोघांच्या पहाटेत होतात, तू मोजून बघ, तुला मोजता येत असेल तर. मी दुपारी हात लावणार नाही, दिलाय शब्द. म्हणजे तू आला नाहीस तर बाजरी अर्धीच होईल, आणि ती अर्धीही मी तुला देणार नाही.

पण ते सोड. भट्टीत पडलास तर तिथं तुझं कोण आहे? तिथं तुला शिव्या कोण देणार?

नोबिला


बस, २४ मे

अरे माझ्या गुलामा,

हे पत्र चालत्या बसमध्ये लिहितोय, म्हणून अक्षर तुझ्यासारखं आलंय.

तुझं पत्र मिळालं तेव्हा भट्टीच्या दारातच होतो. तिथंच वाचलं. मुकादमाला दाखवलं. तो बोबो जमातीचा, आणि बोबो-फुलानींचंही आपल्यासारखंच थट्टेचं नातं आहे. म्हणाला, "मोस्सीनं मागितलं? मग मी कोण अडवणारा? जा बाबा." आणि दरवाजापर्यंत सोडायला आला. कापणाऱ्या बायकांनी आंब्याची पिशवी दिली. त्यांना मी निघताना त्यांच्याच भाषेत धन्यवाद म्हटलं. एक किंचाळलीच, बाकीच्या तोंडावर हात घेऊन पळाल्या.

पुढच्या वर्षी काय करायचं ते मला माहीत नाही, नोबिला. ऊन काही कमी होणार नाही. कदाचित दोघांनाही निघावं लागेल. निघायचंच झालं तर एकमेकांना सांगून निघू, एवढं ठरवून टाकू.

अर्झुमाला सांगितलंय, बस तुझ्या मांडवाजवळच थांबव, हे पत्र खिडकीतून तुझ्या हातात दे आणि तू वाचून होईपर्यंत बसचं दार उघडू नकोस. तो बघ, हसतोय मेला. तू मांडवात असशील, कारण दुपार आहे, आणि नसलास तर आजच खड्ड्यात बसतो की नाही बघ.

उद्या पहाटे खणू. दुपारी सावलीत बसून भांडू.

वाचून झालं? आता मान वर कर. खिडकीत एक बिनभुवयांचा माणूस दिसेल. त्याच्या हातात तुझी टोपी आहे. डोक्यावर नाही, हातात आहे, ओरोदाऱ्यापासून. ती तो आपणहून देणार नाही, सामो आहे. तुला मागावी लागेल. पण तू मागितलीस तर त्याला नाही म्हणता येत नाही.

माग रे लवकर. बसमध्ये फार उकडतंय.